टॉर्नेकोचं दुकान: जपानी गेममधली लेव्हल, साइड क्वेस्ट आणि आपला गल्ला



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर एक जाडा, मिशीवाला, पाठीवर बोचकं घेतलेला माणूस काढला होता. चित्र काही धड जमलं नाही, पण माणूस महत्त्वाचा आहे. त्याचं नाव टॉर्नेको. एका जपानी गेममधला व्यापारी. व्हिडिओ पंधरा मिनिटांत संपवायचा असतो, त्यामुळे त्याची गोष्ट अर्धीच राहिली. ती इथे नीट लिहिते. ज्यांनी असा गेम कधी हातात धरला नाही त्यांनीही वाचा. आणि जे रात्री दोनपर्यंत खेळत बसतात त्यांनी तर वाचाच, निदान घरी सांगायला कारण मिळेल.

माझीही सुरुवात अशीच झाली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर खाली, माल आत, आणि मी घरात. धाकट्या भावाने माझ्या मोबाईलवर 'ड्रॅगन क्वेस्ट'चा चौथा भाग टाकून दिला आणि म्हणाला, "ताई, यात एक दुकानदार आहे, तुला आवडेल." मला वाटलं पोरखेळ असणार. महिनाभर खेळले.

आधी थोडी ओळख. १९८६च्या मे महिन्यात जपानमध्ये एनिक्स कंपनीने पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' आणला. तो रचला युजी होरी यांनी आणि त्यातली पात्रं काढली अकिरा तोरियामा यांनी, म्हणजे 'ड्रॅगन बॉल'वाले. अशा गेमला रोल प्लेइंग गेम म्हणतात. तुम्ही एका पात्राची भूमिका घेता. सुरुवातीला ते पात्र अगदी दुबळं असतं. राक्षस मारले की अनुभवाचे गुण मिळतात, ठरावीक गुण साठले की पात्राची लेव्हल वाढते, म्हणजे ताकद वाढते. मुख्य गोष्ट पुढे नेणारं काम म्हणजे मेन क्वेस्ट. वाटेत कुणीतरी सांगतं माझी हरवलेली वस्तू शोधून दे, माझं पत्र पोचव. ती साइड क्वेस्ट. ही केली नाही तरी गेम पुढे जातो, निदान वाटतं तरी तसं. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

लेव्हलचं गणित आधी कागदावर

पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये सगळ्यात साधा शत्रू म्हणजे स्लाइम, निळा, थेंबासारखा. तो मारला की एक गुण. दुसरी लेव्हल गाठायला हवेत ७ गुण. म्हणजे सात स्लाइम मारा, झालं काम. तिसऱ्या लेव्हलला एकूण २३, चौथीला ४७, पाचवीला ११०. मग बघा कसं होतं: आठवीला ८००, नववीला १३००, दहावीला २०००. नऊवरून दहावर जायला एकट्या त्या टप्प्यात ७०० गुण. स्लाइम मारून ते करायचं म्हटलं तर ७०० स्लाइम. कुणी करत नाही. माणूस पूल ओलांडून पुढच्या भागात जातो, जिथला एकेक शत्रू जास्त गुण देतो.

पण इथेच नवीन खेळाडू मार खातो. दुसऱ्या लेव्हललाच पूल ओलांडतो. त्या गेममध्ये पूल ओलांडला की शत्रू एकदम अवघड होतात, आणि दोन फटक्यांत खेळ खलास. म्हणून लेव्हल वाढवण्याची पहिली टिप अशी: जिथे तुम्ही दोन-तीन फटक्यांत शत्रू पाडू शकता आणि गावातली खानावळ जवळ आहे, तिथेच लढत राहा. तिथे फटके फार सोपे वाटायला लागले की मगच पुढचा भाग. ना फार लवकर, ना फार उशिरा.

आता हे दुकानाला लावू. आपल्याकडे गडबड ही की दुकानाची लेव्हल कशी मोजायची हेच कुणी ठरवत नाही. "चाललंय बरं" ही लेव्हल नाही. माझ्या बॅचमध्ये मी हे असं करून घेते. समजा दुकानाचा महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं ६,०००, लाइट १,०००, मदतनीस ८,०००, कर्जाचा हप्ता ५,०००. एकूण २०,०००. आणि विक्रीवर तुम्हाला सरासरी २० टक्के सुटतात. तर नुसता हा खर्च भागायला महिन्याची विक्री हवी एक लाख. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचा गल्ला साधारण ३,८५०. ही झाली पहिली लेव्हल: दुकान स्वतःच्या पायावर.

दुसरी लेव्हल, घरासाठी महिन्याला १५,००० उचलता येणं. मग ३५,००० सुटायला हवेत, विक्री १,७५,०००, रोज साधारण ६,७५०. तिसरी लेव्हल, त्याशिवाय १०,००० बाजूला पडणं. विक्री २,२५,०००, रोज साधारण ८,६५०. हे तीन आकडे काउंटरच्या आत, फक्त तुम्हाला दिसतील असे चिकटवा. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना तुम्हाला कळतं आपण कुठल्या लेव्हलला आहोत. बहुतेक जण पहिल्या लेव्हलला असताना तिसऱ्या लेव्हलचे खर्च सुरू करतात. काचेचा दरवाजा, एलईडी बोर्ड, दुसरी शाखा. पूल ओलांडणं म्हणजे हेच.

एक टिप अजून, मेटल स्लाइमची. हा स्लाइम धातूचा असतो, जीव अगदी थोडा, पण कातडी इतकी टणक की फटका लागतच नाही, आणि एक-दोन डावांत पळून जातो. मारला तर मात्र ढिगाने गुण. नवखे लोक फक्त याच्यामागे तासन्‌तास फिरतात. जाणकार खेळाडू आपल्या नेहमीच्या लढाया करत राहतो, हा समोर आला की मात्र बाकी सगळं सोडून त्याच्यावर तुटून पडतो. आपल्याकडचा मेटल स्लाइम म्हणजे मंगल कार्यालयाची एकदम आलेली ऑर्डर, एखाद्या शाळेची पाचशे डब्यांची ऑर्डर. ती आली तर रात्र जागून पुरी करा. पण तिच्या आशेवर रोजचं बादली-मग्ग्याचं गिऱ्हाईक तोंड फिरवून जाऊ देऊ नका.

आता टॉर्नेको

'ड्रॅगन क्वेस्ट'चा चौथा भाग १९९०च्या फेब्रुवारीत आला. त्याची पाच प्रकरणं आहेत. पहिल्यात एक सैनिक, दुसऱ्यात राजकन्या, चौथ्यात दोन बहिणी, पाचव्यात खरा नायक. तिसरं प्रकरण टॉर्नेकोचं. हा कुणी योद्धा नाही. एका छोट्या गावात दुसऱ्याच्या हत्यारांच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा नोकर. त्याचं स्वप्न एवढंच की आपलं स्वतःचं दुकान असावं. मला हे बघून इतकं हसू आलं! जग वाचवायचा गेम, आणि हा बाबा भाड्याच्या गाळ्याची स्वप्नं बघतोय. पुढे जपानमध्ये लोकांना हा इतका आवडला की १९९३ साली त्याच्या नावाने वेगळा गेम निघाला.

रोज सकाळी बायको त्याला डबा देते, तो दुकानात जातो, गिऱ्हाईक येतं, तो तलवार विकतो, मालक पैसे देतो. तुम्हाला वाटलं तर तुम्ही हे दिवसच्या दिवस करत राहू शकता. गेम तुम्हाला थांबवत नाही. एका दिवशी काउंटर सोडून गावाबाहेर पडायचं हे तुम्हीच ठरवायचं. आपल्याकडची किती पोरं बारामती एमआयडीसीत बारा-पंधरा हजारांवर सहा-सहा वर्षं काढतात आणि म्हणतात, मॅडम, धंदा करायचाय. मी त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. टॉर्नेकोही पहिल्या दिवशी सोडत नाही, नोकरीच्या पैशातून आधी हातात काहीतरी घेतो. पण किती पैसे साठले की बाहेर पडायचं हा आकडा तरी ठरलेला असू द्या.

लढायला तो फार तेज नाही. म्हणून गेममध्ये पैसे मोजून काही दिवसांसाठी सोबती भाड्याने घेता येतात. मुदत संपली की ते जातात. हे मला फार पटलं. आमच्याकडे दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि उसाचा हंगाम सुरू होताना तोडणीच्या टोळ्या येतात तेव्हाचे दहा-बारा दिवस, एवढ्यापुरती मी दोन मुली काउंटरला घेते. ताडपत्री, घागरी, ड्रम, प्लॅस्टिकच्या दोऱ्या, सगळं एकदम लागतं. वर्षभराचा दुसरा पगार माझ्या गल्ल्याला झेपला नसता.

शेवटी तो एंडोर नावाच्या मोठ्या शहरात ३५,००० नाण्यांना एक दुकान विकत घेतो. आणि इथे गंमत आहे. दुकानात बसते त्याची बायको. तो बाहेरून माल आणतो, ती विकते. एखादी वस्तू तुम्ही दुसऱ्या दुकानदाराला विकायला गेलात तर तो कमी भाव देतो, तीच वस्तू बायकोच्या काउंटरवर ठेवली तर जास्त पैसे येतात. गेमची सगळी जाहिरात टॉर्नेकोच्या नावाने, मार्जिन मात्र तिच्या हातून. आमच्या बाजारपेठेत फिरून बघा, पाटीवर कुणाचं नाव आहे आणि काउंटरवर कोण आहे. असो.

मोठा पैसा मात्र त्याला काउंटरवरच्या किरकोळ विक्रीतून एकट्या मिळत नाही. राजा आपल्या सैन्यासाठी तलवारी आणि चिलखतांची ऑर्डर देतो. ती पुरी केली की रक्कम हातात येते, आणि तो ती चैनीत न घालवता ६०,००० नाणी एका अर्धवट बोगद्यात घालतो. बोगदा खणला गेला की पलीकडच्या प्रदेशाचा रस्ता उघडतो आणि प्रकरण संपतं. मोठ्या ऑर्डरचा पैसा घरात न घालता रस्त्यात घालणारा माणूस.

एक टिप खेळणाऱ्यांसाठी: प्रकरण संपताना हातातली नाणी पुढच्या प्रकरणात येत नाहीत, सामान मात्र येतं. म्हणून शेवटी उरलेल्या नाण्यांची चांगली हत्यारं घेऊन ठेवायची. फक्त कृपा करून हे दुकानात करू नका. आपल्याकडे मार्च संपतो म्हणून रोकड मालात कोंबणारे खूप आहेत. गेममधलं चिलखत जुनं होत नाही, आपल्या मालाची फॅशन जाते.

लोखंडी तिजोरी

व्हिडिओत ज्यावर मी फक्त एक वाक्य बोलले, ते इथे सविस्तर सांगायचं आहे.

'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये तुम्ही हरलात तर मेलात असं होत नाही. गावात परत जिवंत होता. अनुभवाचे गुण तसेच राहतात, लेव्हल तशीच राहते. पण हातातले अर्धे पैसे जातात. दरवेळी. दहा हजार साठवले होते, हरलात, पाच हजार. पुन्हा हरलात, अडीच. टॉर्नेकोच्या प्रकरणात मात्र एका गुहेत एक लोखंडी तिजोरी असते. ती सोबत असली की हरल्यावरही त्याचे पैसे जात नाहीत. ज्याचा सगळा जीव पैशांच्या साठ्यात आहे त्या व्यापाऱ्याला ही वस्तू कुठल्याही तलवारीपेक्षा मोठी. ती मुख्य वाटेवर नसते, गुहेत दगड ढकलत ढकलत जावं लागतं, म्हणून काही जण कंटाळा करतात.

मी मे २०२०मध्ये गेममध्ये ती तिजोरी आणली होती. भावाला फोन करून सांगितलंही होतं. आणि स्वतःच्या दुकानात?

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती. लॉकडाऊनमध्ये चार महिने गेलेले, म्हटलं दिवाळीला सगळं भरून काढू. सप्टेंबरच्या शेवटी पाटल्या गहाण ठेवून १,२०,००० घेतले आणि माल भरला. ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे जो पाऊस झाला तो इंदापूर, बारामती, सोलापूरकडच्या कुणालाच सांगायला नको. रात्रीत दुकानात दीड फूट पाणी. बादल्या-टबांना काय होतंय, धुतले की झाले. पण मी पत्रावळी, द्रोण, कागदी कप-ग्लास यांची खोकी जमिनीवर लावली होती, कारण रॅक दिवाळीच्या मालाने भरलेले. सत्तर हजारांच्या आसपास माल लगदा झाला. सकाळी खोकं उचललं की तळ खाली राहायचा.

नुकसान सत्तर हजारांचं. पण त्याने मी आडवी का झाले? कारण घराचा आणि दुकानाचा पैसा एकच होता. गल्ल्यातून मुलाची फी, घरच्या खात्यातून होलसेलवाल्याचा चेक, पाटल्या तर गहाणच. विमा नव्हता. बीबीए झालेली बाई मी, धंद्याचं खातं वेगळं असावं हे परीक्षेत लिहून मार्क घेतलेले. दुकानावर आलेलं पाणी थेट स्वयंपाकघरात गेलं. नोव्हेंबरात नवऱ्याच्या पगारावर किराणा, आणि मी होलसेलवाल्याचा फोन उचलत नव्हते. त्या पाटल्या सुटायला २०२२चा पाडवा उजाडला.

तर तिजोरी म्हणजे काय काय, ते सांगते. पहिलं, धंद्याचं वेगळं खातं, आणि दुकानाचा क्यूआर कोड त्याच खात्याचा. घरासाठी महिन्याच्या एका तारखेला ठरलेली रक्कम उचलायची, मधे एक रुपया नाही. दुसरं, रोजच्या विक्रीचे दोन टक्के रात्री गल्ला मोजल्यावर तिसऱ्याच खात्यात. गल्ला ५,००० तर १०० रुपये. फार नाही वाटत, म्हणूनच टिकतं. हे तीन महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाएवढं होईपर्यंत, म्हणजे वरच्या उदाहरणात ६०,०००. रोज १०० पडले तर २६ दिवसांच्या हिशोबाने २३ महिने लागतात, हे खोटं सांगणार नाही. हंगामाच्या दिवसांत पाच टक्के टाका, लवकर भरतं. तिसरं, दुकानाचा विमा. घेताना एजंटला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर दाखवायला सांगा: पुराचं, पावसाचं पाणी आत आलं तर धरता का? नुसती आग आणि चोरी असेल तर इथे भीमेच्या काठावर त्याचा अर्धाच उपयोग. आणि चौथं फुकटचं आहे. कागदी माल सगळ्यात खालच्या फळीवर नाही. माझी खालची फळी आता जमिनीपासून दोन फूट वर आहे.

साइड क्वेस्ट: कोणती घ्यायची, कोणती सोडायची

गेममध्ये गावातला प्रत्येक माणूस काहीतरी मागतो. सगळ्यांचं ऐकलं तर राक्षसाचा राजा म्हातारा होऊन मरेल, तुम्ही पोचणार नाही. काहींचं ऐकलंच नाही तर पुढचं दार उघडत नाही. खेळाडू हळूहळू शिकतो की काम हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. हे माझ्या जायच्या वाटेवर आहे का? बक्षीस काय? आणि याला मुदत आहे का?

टॉर्नेकोच्याच प्रकरणात एका राजकुमाराची चिठ्ठी शेजारच्या राज्यातल्या राजकन्येला पोचवायची असते. व्यापाऱ्याचा आणि प्रेमपत्राचा काय संबंध? पण त्यातून दोन राज्यांतलं भांडण मिटतं, राजाचा विश्वास बसतो, आणि दुकानाची वाट मोकळी होते. आपल्याकडची अशी कंटाळवाणी, पण दार उघडणारी साइड क्वेस्ट म्हणजे कागदपत्रं. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते. आधार, पॅन, बँकेचे तपशील एवढ्यावर. त्याचे हजार-दोन हजार मागणारे भेटतात, देऊ नका. दुकानात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टखाली फक्त माहिती कळवायची असते, तीही ऑनलाइन. खाण्याचं काही विकत असाल तर एफएसएसएआय वेगळं. एक दुपार जाते. पण बँकेच्या मॅनेजरपुढे बसाल तेव्हा हेच कागद तो आधी मागतो.

आता सोडायच्या क्वेस्ट. पूर आला त्याच्या आधीच्या दोन वर्षांत मी काय काय घेतलं होतं ते वाचा: मोबाईल रिचार्ज, कुरिअरचं पार्सल ठेवणं-देणं, आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमचा फ्रीजर. प्रत्येकाचं सुरुवातीला एकच वाक्य, "जागा तर आहेच, तेवढंच सुटेल." रिचार्जला सुटे पैसे, कुरिअरला फोनवर फोन, फ्रीजरला लाइटबिल. गिऱ्हाईक समोर बादली धरून उभं आणि मी पार्सलची पावती शोधतेय. ते शेजारच्या दुकानात जायचं. या तिन्हीतून जे सुटत होतं ते मला दिसत होतं, जे जात होतं ते वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून घ्यायच्या आधी कागदावर मांडा. परवा एका मुलाने विचारलं, स्टेशनरीच्या दुकानात झेरॉक्स मशीन ठेवू का. समजा मशीन ६०,०००. एका प्रतीचे दोन रुपये घेतले, कागद, टोनर, लाइट, दुरुस्ती धरून एक रुपया खर्च. सुटतो एक. रोज १०० प्रती निघाल्या तर महिन्याला २,६००. मशीनचे पैसे वसूल व्हायला २३ महिने, तेही ते न बिघडता. पण त्याचं दुकान तहसील कचेरीच्या वाटेवर असतं आणि रोज ५०० प्रती निघाल्या असत्या, तर महिन्याला १३,०००, पाच महिन्यांच्या आत वसूल. मशीन तेच, माणूस तोच. आपल्या वाटेवर आहे का, हा प्रश्न मी पहिला ठेवते तो यासाठी. त्याचं दुकान तहसीलपासून लांब होतं. शाळेच्या वाटेवर होतं. मी त्याला वह्या-पुस्तकांना कव्हर घालून द्यायचं काम सुचवलं, त्याला मशीन लागत नाही आणि गिऱ्हाईक तेच आहे.

मुदतीची क्वेस्ट वेगळी. 'फायनल फँटसी'च्या २०००च्या नवव्या भागात एक तलवार आहे, खेळ सुरू केल्यापासून बारा तासांच्या आत शेवटच्या ठिकाणी पोचलात तरच मिळते. तेरावा तास लागला की गेली. आपल्याकडे तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते, मुक्काम करते, रिंगण होतं, आणि पुढे सराटीकडे जाते. वारकऱ्याला लागतं काय? पाण्याची बाटली, अंगावर घ्यायला पावसाचा कागद, दोरी, छोटा डबा. त्या दोन दिवसांचा माल मे महिन्यात बोलून ठेवला तर भाव मिळतो. पालखी बारामतीला आल्यावर पुण्याला फोन केला तर उरलेलं आणि महाग हातात पडतं. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं, अर्धे रेनकोट नंतर दिवाळीपर्यंत लटकत होते.

कर्ज आणि बिल्ले

पोकेमॉन तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय. त्याचा गेम १९९६चा. त्यात मित्राकडून अदलाबदलीत फार वरच्या लेव्हलचा पोकेमॉन घेता येतो. पण तुमच्याकडे पुरेसे बिल्ले नसतील तर तो तुमचं ऐकत नाही. लढाईत झोपतो, भलतंच काहीतरी करतो. बिल्ले स्वतः लढून मिळवावे लागतात. दहा लाखांचं कर्ज काढून पहिल्याच दिवशी एसी शोरूम टाकलेली दोन-तीन दुकानं मला माहीत आहेत. माल ऐकत नाही, कामगार ऐकत नाहीत. याच गेममध्ये दुसरी चूकही होते, एकाच लाडक्या पोकेमॉनला लढवत राहायचं. तो पडला की बाकीचे पाच लेव्हल पाचचे. तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर होलसेलवाल्याशी कोण बोलणार?

गंमत म्हणजे सरकारी कर्जंही बिल्ल्यांच्याच हिशोबाने लावलेली आहेत. मुद्रा योजनेत शिशू म्हणजे ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. २०२४मध्ये तरुण प्लस आलं, २० लाखांपर्यंत, पण ते ज्यांनी तरुणचं कर्ज नीट फेडलंय त्यांनाच. हातगाडी, फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. त्यात आता पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. लोक मला विचारतात एकदम मोठं कसं मिळेल. मी म्हणते तुमची रोजच्या विक्रीची वही आणा, कुठल्या लेव्हलला आहात बघू.

आणि लेव्हल वाढली की आराम, असंही नाही. १९९९च्या 'फायनल फँटसी'च्या आठव्या भागात तुमची लेव्हल वाढते तशी शत्रूंचीही वाढते. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली की मालाच्या दुकानाला जीएसटी नोंदणी लागते. गाळामालक भाडं वाढवतो, त्याला तुमची गर्दी दिसते. नातेवाईक उधार मागतात, त्यांनाही दिसते.

पुढच्या आठवड्यात उधारीवर व्हिडिओ आहे. येताना सोबत तीन आकडे काढून आणा: महिन्याचा ठरलेला खर्च, सरासरी मार्जिन, आणि गेल्या सात दिवसांचा रोजचा गल्ला. अंदाजे नको, वहीतला. आणि कुणी टॉर्नेकोचं प्रकरण खेळायला घेणार असेल तर गावाबाहेर पडल्यावर आधी तिजोरीच्या गुहेत जा, लढाया नंतर.